कुलवृत्तांत सेव्हन-बीमध्ये अडकला तेव्हा

बाबांचं डीटीपीचं दुकान वाईत गणपती आळीच्या अलीकडे होतं. २०१५ साली त्यांनी ते बंद केलं. टेबलं विकली, लेझर प्रिंटर एका शाळेला दिला, पण काळ्या कॅबिनेटचा एक कॉम्प्युटर मात्र रिक्षात घालून घरी आणला आणि माळ्यावर ठेवून त्यावर जुनी चादर टाकली. दर दिवाळीच्या साफसफाईला आई विचारायची, "हे अजून किती वर्षं?" आणि बाबांचं उत्तर ठरलेलं, "असू दे, त्यात कुलवृत्तांत आहे."

हा आमच्या कुळाचा कुलवृत्तांत. २००६ साली छापला, ५१२ पानं, सोळा पानांचे बत्तीस फॉर्म. अण्णाकाकांनी त्यासाठी अकरा वर्षं एसटीने गावंच्या गावं पालथी घातली, पोस्टकार्डं पाठवली, देवळांतल्या जुन्या वह्या उतरवून घेतल्या. त्यांनी हाताने लिहिलेली पानं बाबांनी पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावली. छापून झाल्यावर काकांना सतरा चुका सापडल्या आणि शुद्धिपत्राचं एक पान मागे चिकटवावं लागलं. त्यातली एक बाबांच्या मनातून कधी गेली नाही. मूळपुरुषाच्या नातवाचं नाव धर्माजी. रफार राहिला आणि छापलं गेलं 'धमाजी'. धमाजी हेही खरं नाव वाटतं, म्हणून चार वेळा प्रुफं वाचूनही कुणाच्या डोळ्यांना खटकलं नाही. आणि पुढची सगळी शाखाच 'धमाजी शाखा' म्हणून छापली गेली.

आता दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं. अण्णाकाका ८१ वर्षांचे आहेत. नव्या नोंदींची त्यांची वही तयार आहे. एका चुलतभावाने सुचवलं, छापील पुस्तकाची पीडीएफ आहे, तिच्यातून मजकूर कॉपी करून घेऊ. कॉपी केला तर इंग्रजी अक्षरं, डॉलरची आणि टक्क्यांची चिन्हं यांची रांग उमटली. तेव्हाचे फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे, नव्हते. बाबांच्या श्रीलिपी फॉन्टमधला 'क' म्हणजे कुठल्यातरी इंग्रजी चिन्हाच्या जागी बसवलेलं 'क'चं चित्र. तो फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर ती नुसती चिन्हं. पानं लावायचं आताचं सॉफ्टवेअर इनडिझाइन पेजमेकरच्या फाइली उघडत नाही. पेजमेकरच्या आणि फॉन्टच्या सीड्या बाबांनी जपून ठेवल्या होत्या, पण वाईच्या पावसाने त्यांच्यावर बुरशीची नक्षी काढली होती. एकही वाचली जाईना. म्हणजे पेजमेकर, फॉन्ट आणि मराठी कीबोर्ड हे सगळं जसं बसवलेलं होतं तसं एकाच ठिकाणी उरलं होतं, माळ्यावरच्या त्या कॉम्प्युटरमध्ये.

नवरात्रात मी पुण्याहून गेले, तो खाली उतरवला, पुसला, वायर लावली. पंखा अर्धा फिरून थांबला. झाकण काढून पाहिलं तर प्रोसेसरजवळचे कपॅसिटर फुगून वर आले होते. मदरबोर्ड गेला होता. बाबा काही बोलले नाहीत. स्टूल ओढून बाजूला बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "हार्ड डिस्क वेगळी असते ना गं?"

वेगळी असते. म्हणून हे सगळं शक्य झालं. माझं काम सर्व्हर सांभाळण्याचं आहे, व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले खोटे कॉम्प्युटर, रोज हाताखालून जातात. मी ठरवलं की डिस्कची हुबेहूब प्रत घ्यायची आणि माझ्या लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअलबॉक्सवर एक खोटा कॉम्प्युटर उभा करून त्यात ती लावायची. दोन संध्याकाळी पुरतील असं बाबांना सांगितलं. लागल्या सोळा.

डिस्क ४० जीबीची, जुन्या चपट्या आयडीई केबलची. यूएसबीला जोडणारा अडॅप्टर पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात मिळाला. प्रत घ्यायला मी लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू वापरलं. साध्या कॉपीपेक्षा ते बरं, कारण खराब जागा आली की तिथे डोकं आपटत बसत नाही. आधी सगळं धडधाकट उचलतं, मग मागे राहिलेल्या जागांकडे वळतं, आणि कुठे काय राहिलं याचा नकाशा एका वेगळ्या फाइलीत ठेवतं. म्हाताऱ्या डिस्कला फार वेळ फिरवणं धोक्याचं असतं.

पहिल्या रात्री मी 'सी' ड्राइव्हची प्रत घेतली, तिचं व्हर्च्युअल डिस्कमध्ये रूपांतर केलं आणि मशीन सुरू केलं. पडदा काळाच राहिला, विंडोज काही सुरू झालं नाही.

रात्री फोनवर बाबांनी विचारलं, "कुठपर्यंत आलं?"

हा प्रश्न त्यांनी पुढे रोज विचारला. छापखान्यात पान कोरं आलं की ते मशीनवाल्याला आधी हेच विचारायचे. कागद आत गेला का, प्लेटला शाई लागली का, ब्लँकेटच्या रबरावर उमटलं का. जिथपर्यंत उमटलं तिथपर्यंत सगळं ठीक, त्याच्या पुढे बघ. मी मात्र चार दिवस 'का होत नाही' एवढंच विचारत राहिले. 'कुठपर्यंत आलं' हा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतल्यावर काम हलायला लागलं.

कुठपर्यंत आलं होतं? कुठेच नाही. कारण मी डिस्कची नाही, डिस्कमधल्या एका पार्टिशनची, म्हणजे एका भागाची, प्रत घेतली होती. डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइटचा तुकडा, कुठल्याच पार्टिशनमध्ये येत नाही. त्यातले ४४६ बाइट म्हणजे मशीनला पहिला धक्का देणारा छोटा प्रोग्रॅम, पुढचे ६४ बाइट म्हणजे पार्टिशन कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं याचा तक्ता, आणि शेवटचे दोन बाइट म्हणजे हा सेक्टर मशीन सुरू (बूट) करण्यासाठीचा आहे याची खूण. विंडोज एक्सपीच्या, म्हणजे बाबांच्या कॉम्प्युटरवरच्या जुन्या विंडोजच्या, काळात पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं. माझी प्रत तिथूनच सुरू झाली होती, त्यामुळे तिला उंबरठाच नव्हता. पुन्हा सगळ्या डिस्कची प्रत घेतली, ७ कोटी ८१ लाख ६५ हजार ३६० सेक्टर. नऊ सेक्टर तीन वेळा प्रयत्न करूनही वाचता आले नाहीत.

त्या नऊ सेक्टरांनी माझी झोप उडवली. ४,६०८ बाइट म्हणजे फार नाही, पण तेवढ्यात एक पान मावतं. डीडीरेस्क्यूच्या नकाशातले बाइटचे आकडे ५१२ ने भागले, त्यातून पार्टिशनआधीचे ६३ वजा केले आणि हे सेक्टर कोणत्या फाइलीचे आहेत ते एनटीएफएस या विंडोजच्या फाइलव्यवस्थेच्या लिनक्सवरच्या साधनाने शोधलं. नऊच्या नऊ विंडोजच्या पेजफाइलमध्ये पडले होते. ती फाइल विंडोज काम चालू असताना टिपणवहीसारखी वापरतं, बंद केल्यावर तिचा उपयोग नसतो. त्या रात्री मी शांत झोपले. मूळ डिस्क बाबांनी पिशवीत घालून कपाटात ठेवली. प्रतीची आणखी एक प्रत मी वेगळ्या डिस्कवर ठेवली आणि ठरवलं की या दोन्हींना आता हात लावायचा नाही. जे काही करायचं ते तिसऱ्या प्रतीवर, आणि प्रत्येक बदलाआधी स्नॅपशॉट, म्हणजे परत तिथेच येता यावं अशी मशीनच्या त्या क्षणाची नोंद.

दुसऱ्या वेळी मशीन पुढे सरकलं. सुरू करताच मी एफ-८ दाबत राहिले आणि सेफ मोडचा ओळखीचा मेनू आला. हा मेनू दिसणं म्हणजे अर्धा रस्ता पार झाल्यासारखं होतं. पहिला सेक्टर चालला, पार्टिशनचा बूट सेक्टर चालला, त्याने एनटीएलडीआर नावाचा लोडर उचलला आणि तो मेनू दाखवतोय. या तिघांवर आता संशय घ्यायचं कारण नव्हतं. पण नेहमीसारखं सुरू करायला सांगितलं की पडदा काळा व्हायचा आणि तसाच राहायचा. दहा मिनिटं थांबून पाहिलं. निळा पडदा नाही, अक्षर नाही.

इथे मी एक संध्याकाळ वाया घालवली. मेमरी कमी-जास्त केली, ग्राफिक्सचं कार्ड बदललं, प्रोसेसरच्या खुणा चालू-बंद केल्या, आणि एका वेळी तीन-तीन बदल केले. असं केलं की एखादा बदल बरोबर असला तरी कळत नाही. शेवटी बाबांनाच विचारलं, "मशीन कसलं होतं हो?" ते म्हणाले, "पेंटियम फोर. दुकानदार म्हणाला होता एकात दोन प्रोसेसर आहेत म्हणून. त्याचे जास्त पैसे घेतले होते."

एकात दोन म्हणजे हायपरथ्रेडिंग. विंडोज एक्सपी बसवताना हार्डवेअर बघून हॅल नावाचा एक थर निवडतं. हॅल म्हणजे विंडोज आणि बोर्ड यांच्यामधला दुभाषा. एका प्रोसेसरसाठी एक दुभाषा, अनेकांसाठी दुसरा, पण डिस्कवर दोघांचं नाव एकच असतं. कोणता बसलाय ते फाइलीच्या आतल्या मूळ नावावरून कळतं. मी प्रत लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरती उघडली आणि सिस्टीम-३२ मधल्या त्या फाइलीचं मूळ नाव पाहिलं. 'हॅल-एम-एसीपीआय', अनेक प्रोसेसरवाला. या दुभाष्याला बोर्डावर आय-ओ एपीआयसी हे इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरच्या हाका, वाटून देणारं यंत्र लागतंच. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी निवडलं की ती खूण आपोआप बंद असते. ती चालू केली. एवढीच. बाकी सगळं पूर्ववत ठेवलं.

विंडोजचं चित्र आलं, खालची निळी पट्टी सरकायला लागली. मी खुर्चीतून उठलेच. मग क्षणभर काहीतरी निळं चमकलं आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पुन्हा चित्र, पट्टी, निळी चमक. एक्सपी कोसळलं की स्वतःहून रीस्टार्ट होतं, म्हणून चूक वाचायलाच मिळत नाही. एफ-८ च्या मेनूत हे थांबवण्याची सोय आहे, सर्व्हिस पॅक २ पासून. ती निवडली आणि निळा पडदा अखेर थांबला. त्यावर मोठा मजकूर होता, आणि खाली स्टॉपचा आकडा, शून्यांच्या रांगेनंतर ७बी. आमच्या कामात त्याला सेव्हन-बीच म्हणतात. अर्थ असा की बूटची डिस्क हाताला लागत नाही.

सेफ मोडमध्येही पाहिलं. एकामागून एक ड्रायव्हरांची, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांची, नावं पडद्यावर उतरत गेली आणि 'मप डॉट सिस' या नावावर यादी थांबली. बरेच जण इथे त्या फाइलीला दोषी धरतात, ती बदलायला निघतात. पण सुरुवातीच्या ड्रायव्हरांच्या यादीत ती बहुधा शेवटची असते, म्हणून तिचं नाव शेवटी दिसतं. तिचं काम झालेलं असतं, अडचण तिच्यानंतर येते.

हे सगळं समजून घ्यायला मी एक पूर्ण रविवार दिला आणि तो दिला याचं मला आजही समाधान आहे. डिस्क सापडत नाही म्हणतोस, तर मग आत्तापर्यंत तू तुझे ड्रायव्हर कुठून वाचलेस? हा प्रश्न मला सोडेना. उत्तर असं की आत्तापर्यंत विंडोज स्वतः वाचतच नव्हतं. सुरुवातीला एनटीएलडीआर डिस्क वाचतो तो बायोसच्या, म्हणजे बोर्डावरच बसवलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमच्या, मदतीने. बायोसला आपला बोर्ड माहीत असतो, तो सेक्टर आणून देतो, यात विंडोजच्या ड्रायव्हरचा संबंध नाही. कर्नल (विंडोजचा गाभा), हॅल, रजिस्ट्रीचा (विंडोजच्या नोंदवहीचा) सिस्टीम भाग आणि 'अगदी सुरुवातीला लागणारे' ड्रायव्हर असं सगळं मेमरीत आणून झालं की कारभार कर्नलच्या हातात जातो. तिथून पुढे बायोस बाजूला होतो. कृष्णेच्या या घाटावरून नावाड्याने पैलतीरावर आणून सोडावं आणि नाव परत न्यावी, तसं. पुढची वाट आपली आपल्याला माहीत हवी. कर्नल म्हणतो, आता माझी डिस्क मीच वाचणार, आणि हाताशी असलेला ड्रायव्हर काढतो. तो ड्रायव्हर जुन्या बोर्डाचा असतो.

बाबांचा बोर्ड व्हिया चिपसेटचा होता. त्याच्या आयडीई कंट्रोलरचा, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या चिपचा, ड्रायव्हर वेगळा. व्हर्च्युअलबॉक्स जो खोटा कंट्रोलर दाखवतो तो इंटेलचा पीआयआयएक्स-४, नव्वदच्या दशकातला. एक्सपीला तोही येतो, पण त्या मशीनवर त्याची गरज कधीच पडली नसल्याने रजिस्ट्रीत त्याची नोंद नव्हती. विंडोज चालू झाल्यावर नवं हार्डवेअर दिसलं तर ते विचारतं, शोधतं, बसवतं. पण ज्या हार्डवेअरवर विंडोज स्वतःच साठवलेलं आहे त्याच्यासाठी शोधाशोध करायला जागाच नसते. म्हणून अशा अत्यावश्यक उपकरणांची एक वेगळी यादी रजिस्ट्रीत असते, क्रिटिकल डिव्हाइस डेटाबेस. कंट्रोलरचा ओळखक्रमांक अमुक दिसला तर अमुक ड्रायव्हर लाव, कुणाला विचारू नकोस. या यादीत इंटेलचं नाव नव्हतं.

त्यामुळे खोटा कंट्रोलर बदलून काही होणार नव्हतं. तरी मी पीआयआयएक्स-३ आणि आयसीएच-६ लावून पाहिले, दोन्हीवर तोच सेव्हन-बी. साटा, म्हणजे नंतरच्या काळातली डिस्कजोडणी, लावली तर तेच, कारण एक्सपीकडे तिला लागणारा एएचसीआयचा ड्रायव्हर मुळातच नसतो. ऑफिसमधल्या एका मित्राने प्रामाणिकपणे सल्ला दिला, "नवीन एक्सपी टाक, हे सोडून दे." पण नव्या एक्सपीत पेजमेकर कुठून आणू?

उपाय जुना आणि सर्वज्ञात आहे. रजिस्ट्रीची एक छोटी फाइल तयार करायची, जी त्या यादीत नेहमीच्या आयडीई कंट्रोलरांचे क्रमांक घालते आणि 'अटापी', 'इंटेलआयडीई', 'पीसीआयआयडीई' या तीन सेवांची स्टार्टची किंमत ० करते. ० म्हणजे अगदी सुरुवातीला, १ म्हणजे त्यानंतर, २ आपोआप, ३ गरज पडली तर, ४ म्हणजे बंद. पण हे सुरू न होणाऱ्या विंडोजच्या रजिस्ट्रीत करायचं असतं, म्हणजे बाहेरून. मी दुसऱ्या एका विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनला बाबांची डिस्क दुसरी डिस्क म्हणून जोडली, रजिस्ट्री फाइलवर डबल क्लिक केलं, 'नोंदी घातल्या' असा निरोप आला. डिस्क परत लावली. सेव्हन-बी.

त्या दिवशी मी बाबांना फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना लक्षात आलं. डबल क्लिक केल्यावर नोंदी गेल्या त्या चालू असलेल्या विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे मदतीला घेतलेल्या मशीनच्या. बाबांच्या डिस्कला स्पर्शही झाला नव्हता. रजिस्ट्री एडिटरमध्ये बाहेरची रजिस्ट्री उघडायची वेगळी सोय आहे. लोकल मशीनच्या फांदीवर उभं राहून 'लोड हाइव्ह' (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीची एक फाइल) म्हणायचं, बाबांच्या डिस्कवरच्या कॉन्फिग फोल्डरमधली सिस्टीम नावाची फाइल निवडायची आणि तिला काहीतरी नाव द्यायचं. मी 'जुनं' दिलं. तिथे आणखी एक गोष्ट नीट बघायची असते. चालू विंडोजमध्ये 'करंट कंट्रोल सेट' नावाची फांदी दिसते, ती बाहेरून उघडल्यावर दिसत नाही. तिच्या जागी ००१, ००२ असे संच असतात. कोणता चालू आहे ते 'सिलेक्ट' या फांदीत लिहिलेलं असतं. बाबांचा १ होता. माझ्या फाइलीतल्या प्रत्येक ओळीतला पत्ता बदलून 'जुनं' आणि '००१' केला. मग ड्रायव्हर फोल्डर पाहिलं. पीसीआयआयडीईच्या दोन्ही फाइली होत्या, इंटेलआयडीईची नव्हती. ती विंडोजच्या ड्रायव्हर कॅशमधल्या कॅब फाइलीतून बाहेर काढून जागेवर ठेवली. नोंदी घातल्या. हाइव्ह परत उतरवला, हे विसरलं तर बदल नीट लिहिले जातीलच असं नाही. डिस्क काढली, बाबांच्या मशीनला लावली, स्नॅपशॉट घेतला.

पट्टी सरकली. सरकत राहिली. निळी चमक आली नाही. मग पुन्हा निळा पडदा आला, पण यावेळी आकडा वेगळा, ७ई, आणि त्याच्याखाली फाइलीचं नाव स्पष्ट लिहिलेलं, 'इंटेलपीपीएम'.

नवीन चूक आली याचा मला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं. डिस्क सापडली होती, विंडोज तिच्यावरून स्वतःच्या पायांनी चालत पुढे आलं होतं. बाबांना लगेच फोन लावला. "कुठपर्यंत आलं?" "नदी ओलांडली," मी म्हटलं. इंटेलपीपीएम हा इंटेल प्रोसेसरची वीज सांभाळणारा ड्रायव्हर. माझ्या लॅपटॉपमध्ये एएमडीचा प्रोसेसर आहे, आणि व्हर्च्युअल मशीनला खालचा प्रोसेसर तसाच दिसतो. पेंटियमसाठीचा ड्रायव्हर एएमडीवर चालायला गेला आणि पडला. व्हर्च्युअल मशीनला वीज वाचवायची गरज नसते. पुन्हा बाहेरून रजिस्ट्री उघडली आणि त्याची स्टार्टची किंमत ४ केली. पाच मिनिटांचं काम.

रात्री अकरा वाजून काही मिनिटांनी वाईच्या घाटाचा फोटो असलेला बाबांचा डेस्कटॉप माझ्या पडद्यावर उघडला. ६४० बाय ४८० मध्ये, सोळा रंगांत, ढोल्या गणपतीचं देऊळ चौकड्या-चौकड्यांचं दिसत होतं. वरून 'नवीन हार्डवेअर सापडलं'च्या खिडक्या एकामागून एक उघडत होत्या. डाव्या बाजूला बाबांच्या फोल्डरांची रांग होती, लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंक, कुलवृत्तांत.

पुढचा भाग वेगाने झाला. हार्डवेअर फार बदललं आहे, तीन दिवसांत पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करा असं विंडोज म्हणालं, म्हणून ते तीन दिवस आम्ही कामासाठी राखून ठेवले. नेटवर्क कार्ड मी मुद्दाम काढून टाकलं, कारण एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ लाच संपला आहे आणि असं मशीन इंटरनेटला जोडणं मला पटत नाही. फाइली आत-बाहेर करायला एक आभासी सीडी आणि एक छोटी दुसरी डिस्क पुरली. फॉन्टचं कुलूप, म्हणजे जे जोडल्याशिवाय फॉन्ट चालत नाही असं छोटं यंत्र, ज्याला डीटीपीवाले लॉकच म्हणतात, ते बाबांच्या शिवणाच्या डब्यात सापडलं. ते यूएसबीला लावलं आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी फिल्टरमध्ये त्याचं नाव घातलं. घड्याळाजवळ लॉकचं चिन्ह उमटलं.

शनिवारी मी लॅपटॉप घेऊन वाईला गेले. पसरणी घाटाच्या बाजूने ढग उतरले होते, घरात दिवसाही दिवा लावावा लागला. अण्णाकाका आधीच येऊन बसले होते, वही मांडीवर. पेजमेकर उघडलं आणि पहिला फॉर्म समोर आला, श्रीलिपीत, जसा होता तसा. काकांनी चष्मा वर करून पडद्याला नाक लावलं.

"हे माझंच अक्षर वाटतंय," ते म्हणाले, आणि मग, "नाही नाही, वाक्यं माझी आहेत."

बत्तीस फॉर्मांच्या बत्तीस फाइली. शनिवार-रविवारमध्ये त्यांतला मजकूर आम्ही बाहेर काढला. युनिकोडमध्ये नेताना पहिली वेलांटी आणि रफार यांची काळजी घ्यावी लागते. जुन्या फॉन्टमध्ये 'कि' लिहिताना वेलांटी आधी साठवलेली असते आणि 'क' नंतर, कारण कागदावर तशी दिसते. युनिकोडमध्ये आधी 'क', मग वेलांटी. रफाराचं याच्या उलट. कागदावर तो अक्षराच्या डोक्यावर शेवटी येतो, युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी. रूपांतर करणारा प्रोग्रॅम बहुतेक जागी बरोबर करतो, पण जोडाक्षर मोठं असलं की चुकतो. त्या जागांवर काका छापील पुस्तक घेऊन बसले आणि बाबा पडद्यावर. दोघं मोठ्याने वाचत होते, एक पुस्तकातून, एक पडद्यावरून, जसे २००६ मध्ये वाचायचे. आईने दोनदा जेवायला हाक मारली.

रविवारी संध्याकाळी सगळं बाहेर निघालं होतं. मी मशीन बंद करणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब जरा." त्यांनी कुलवृत्तांतचा दुसरा फॉर्म उघडला. नवी आवृत्ती दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये लागणार होती, या फाइलीत दुरुस्ती करून कशालाही उपयोग नव्हता, हे त्यांना मी सांगितलंही होतं. माउसचं चाक त्यांनी तर्जनीने हळूहळू फिरवलं. वंशवृक्षाचं पान आलं. मूळपुरुष, त्यांचे दोन मुलगे, त्याखाली तीन नातू. मधल्याच्या नावावर त्यांनी क्लिक केलं, 'मा'च्या पुढे कर्सर नेला. बोटं कीबोर्डवर ठेवली, एक क्षण थांबली, मग त्यांना रफाराची कळ आठवली.

धर्माजी.

काकांनी वाकून पाहिलं आणि मान डोलावली. बाबांनी कंट्रोल-एस दाबलं, आणि मी स्नॅपशॉट घेतला.